पात्र कोण? उज्जैनच्या नाट्यपरंपरेतले गुरू आणि वंचित शिष्य

‘पात्र’ या शब्दाचे मराठीत तीन अर्थ होतात. भांडे हा पहिला, लायक माणूस हा दुसरा आणि नाटकातली व्यक्ती हा तिसरा. गुरू विद्या ओततो आणि शिष्य ती धरून ठेवतो, या कल्पनेतून पहिल्या अर्थावरून दुसरा निघाला. शिष्य रंगमंचावर आला की तिसराही त्याला लागू होतो. उज्जैन आणि आसपासच्या माळव्याशी जोडलेल्या नाटकांत हे तिन्ही अर्थ एकमेकांवर येऊन आदळतात. शिकवणारे दोघे असले, त्यांच्या रीती वेगळ्या असल्या आणि शिकणारी व्यक्ती दासी, गरीब किंवा अडाणी असली, तर यशाचे श्रेय कोणाचे आणि अपयशाचा दोष कोणाचा, हा प्रश्न ही नाटके पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे मात्र सारखी नाहीत.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातच या प्रश्नाचे बीज आहे. ज्यांना वेद ऐकण्याचा अधिकार नव्हता त्यांच्यासह सर्व वर्णांसाठी ब्रह्मदेवाने नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, अशी ती कथा आहे. म्हणजे ज्यांना विद्येपासून दूर ठेवले त्यांना शिकवण्याचे साधन म्हणूनच या कलेने स्वतःची ओळख करून दिली. भरतमुनींनी ती आपल्या शंभर पुत्रांना शिकवली आणि ज्याला जे काम जमेल ते त्याला दिले. सुकुमार कैशिकी वृत्ती त्या पुत्रांना साधेना, तेव्हा तिच्यासाठी अप्सरा आल्या. शिष्याला एखादी गोष्ट जमली नाही म्हणून त्याला बाहेर काढण्याऐवजी कामाची वाटणी बदलायची, ही रीत इथे दिसते. पुढे त्याच पुत्रांनी ऋषींची नक्कल करून खिल्ली उडवली आणि शापाने ते शूद्रत्वाला गेले, असे ग्रंथाच्या शेवटी येते. नटांचे समाजातले खालचे स्थान परंपरेने असे समजावून सांगितले. नाटक शिकणारा आणि समाजात खाली ढकललेला माणूस यांची गाठ तेव्हापासूनची आहे.

शिक्षकांची उघड तुलना रंगमंचावर आणणारे सर्वांत महत्त्वाचे नाटक म्हणजे कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’. परंपरा कालिदासाला उज्जयिनीचा मानते. मेघदूतात त्याने मेघाला वाट वाकडी करून या नगरीकडे पाठवले आहे. हे नाटक घडते ते मात्र विदिशेत, शुंगवंशी अग्निमित्राच्या राजवाड्यात. तिथे गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. गणदासाला राणी धारिणीचा आधार, तर हरदत्ताला राजाचा. गणदासाकडे मालविका नावाची एक दासी नृत्य शिकते. राणीच्या हीन वर्णाच्या भावाने, सरहद्दीवरच्या किल्ल्याचा अधिकारी असलेल्या वीरसेनाने, ती बहिणीकडे भेट म्हणून पाठवलेली आहे. माणूस भेट म्हणून पाठवला जातो, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नाही. कलेला योग्य मुलगी, एवढीच तिची शिफारस.

गणदासाने तिच्याविषयी काढलेले उद्गार शिक्षणाच्या इतिहासात लक्षात ठेवावेत असे आहेत. आपण जो अभिनय दाखवतो तो ही मुलगी इतका खुलवून परत करते, की जणू तीच आपल्याला शिकवते आहे, असे तो म्हणतो. शिष्याकडून शिकल्याची इतकी मोकळी कबुली देणारा गुरू संस्कृत नाटकात क्वचितच सापडतो. पण लगेच तो शिंपल्याची उपमा देतो. मेघाचा थेंब समुद्रातल्या शिंपल्यात पडला की मोती होतो, तसे गुरूचे कौशल्य चांगल्या पात्रात पडले की वाढते. म्हणजे थेंब सगळीकडे सारखाच, फरक शिंपल्याचा. ज्या मुलांपाशी शिंपला नाही त्यांचे काय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

राजाला मालविका पाहायची आहे. विदूषक गौतम म्हणून दोन्ही आचार्यांमध्ये भांडण लावतो. दोघे एकमेकांना हिणवत राजापुढे येतात आणि आपली परीक्षा घ्या म्हणतात. परीक्षक म्हणून परिव्राजिका कौशिकीला नेमले जाते. ती दोन गोष्टी सांगते आणि त्या आजही कुठल्याही अध्यापक विद्यालयात चर्चेला घ्याव्यात. एक, नाट्यशास्त्र हे प्रयोगाचे शास्त्र आहे, तोंडी वादाने त्याची पारख होत नाही. दोन, कोणाला विद्या स्वतःपुरती उत्तम येते, कोणाला ती दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची हातोटी असते आणि ज्याच्याकडे दोन्ही आहे त्यालाच शिक्षकांत पहिला मान द्यावा. विद्वत्ता आणि अध्यापन या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे इतक्या नेमकेपणाने मांडणारी ही एक स्त्री आहे, आणि नाटकात ती संस्कृत बोलते, हेही ध्यानात घेण्याजोगे. राण्या, दासी आणि विदूषक प्राकृतात बोलतात.

धारिणी ही परीक्षा टाळू पाहते. राजाच्या नजरेस मालविका पडू नये हे तिचे खरे कारण, पण ती पुढे करते तो मुद्दा शैक्षणिक आहे. मंदबुद्धीच्या शिष्याने शिकवणूक मळवली तर तो आचार्याचा दोष कसा? नाटकातच याला उत्तर मिळते, की अयोग्य शिष्य पत्करणे हेही गुरूच्या बुद्धीचे उणेपण आहे. वरवर हे गुरूला जबाबदार धरणारे उत्तर वाटते. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र शिष्य निवडून घ्या, कच्चा शिष्य घेऊच नका, असा होतो. वर्गात प्रवेश देतानाच गाळणी लावून निकाल चांगला ठेवणाऱ्या प्रत्येक शाळेचे समर्थन या एका वाक्यात दडले आहे. गणदास स्वतः मात्र परीक्षेला भीत नाही. पोटासाठी विद्या बाळगून वादाला घाबरणाऱ्याला तो ज्ञानाचा व्यापारी ठरवतो.

दुसऱ्या अंकात मालविका नाचते. अंगविक्षेप स्पष्ट दिसावेत म्हणून शिष्यांनी फार दागदागिने न घालता यावे, अशी सूचना कौशिकीने आधीच दिलेली असते. गाण्याचा विषय दुर्लभ प्रियकराची ओढ. नृत्य निर्दोष ठरते. तेवढ्यात मध्यान्हीची वेळ झाल्याचे जाहीर होते आणि हरदत्ताचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर जातो. प्रेक्षकाला तो कधीच दिसत नाही. हरदत्ताकडे शिकणाऱ्या शिष्येचे ना नाव कळते ना चेहरा. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन दासींच्या बोलण्यातून निकाल समजतो: दोघेही आचार्य शास्त्रात आणि प्रयोगात तयार, पण शिष्येच्या गुणांमुळे गणदास वरचढ ठरला. दोन शिक्षकांच्या रीतींची तुलना करण्याची एवढी तयारी झाली, परीक्षकाने कसोटीही सांगितली. प्रत्यक्षात मात्र एकाच शिष्येचा प्रयोग दाखवून निकाल लागला आणि तोही शिष्येवरून. कालिदासाने कसोटी जितकी उत्तम मांडली तितकी ती चालवली नाही.

पुढे याच गुणी शिष्येला राणी तळघरात कोंडते. गुरू तिच्यासाठी काही करत नाही, आणि नाटकही त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवत नाही. पाचव्या अंकात विदर्भातून आलेल्या दोन कलावंत मुली तिला ओळखतात. ती दासी नसून विदर्भाची राजकन्या, माधवसेनाची बहीण आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कौशिकीला हे पहिल्यापासून ठाऊक होते. ती माधवसेनाच्या मंत्र्याची बहीण, आणि मालविकेने एक वर्ष दास्य भोगावे या भविष्यवाणीपायी ती गप्प राहिली होती. शेवटी वरदा, म्हणजे वर्धा नदी ही सीमा धरून विदर्भाचे राज्य माधवसेन आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात वाटले जाते आणि मालविका राणी होते. विदर्भातल्या वाचकाला या प्रसंगाचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. पण शिक्षणाच्या प्रश्नापुरते पाहिले तर हा शेवट आधीचे सगळे मागे घेतो. दासी एवढी शिकली कशी, याचे उत्तर ती दासी नव्हतीच, असे निघते.

ही युक्ती एकट्या कालिदासाची नाही. उज्जयिनीचा राजा प्रद्योत याची मुलगी वासवदत्ता आणि बंदिवान वत्सराज उदयन यांची कथा अशीच आहे. भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ नाटकात तो तिला वीणा शिकवतो. पाली धम्मपदाच्या टीकेत कथा वेगळी येते, आणि शिकवण्याच्या दृष्टीने ती अधिक बोलकी आहे. तिथे विद्या वीणेची नसून हत्ती वश करण्याच्या मंत्राची आहे. गुरुशिष्यांनी एकमेकांना पाहू नये म्हणून मध्ये पडदा. शिकणारी कुबडी बाई आहे असे त्याला सांगितलेले, आणि शिकवणारा कोडी आहे असे तिला. एके दिवशी तिला मंत्र म्हणता येईना. गुरू चिडला आणि तिच्या कुबडावरून, जाड ओठांवरून बोलला. तिनेही त्याला कोडी म्हणून सुनावले. पडदा दूर झाला आणि दोघांना खरे काय ते कळले. कथा पुढे प्रेमाकडे वळते, पण पडद्याआडचा तो एक क्षण मन लावून वाचण्यासारखा आहे. समोरची व्यक्ती राजकन्या आहे हे माहीत असते तर गुरूने असे शब्द उच्चारले नसते. ती खरोखरच कुबडी असती तर पडदा दूर झाल्यावर माफी मागायची गरज कोणाला वाटली असती का, याविषयी कथा काही बोलत नाही.

भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. म. म. वा. वि. मिराशी यांनी ते गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ दाखवले. त्याची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल असे बरेच अभ्यासक मानतात. मिराशींचे मत काल्पीच्या बाजूने होते. नाटकाच्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची विद्यार्थिनी वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यात अगस्त्यांकडे वेदान्त शिकायला चाललेली भेटते. आश्रम का सोडला, याची दोन कारणे ती देते. तिथे आलेली दोन मुले, कुश आणि लव, इतकी तल्लख आहेत की त्यांच्याबरोबर आपल्याला शिकणे जमत नाही. आणि खुद्द गुरुजी रामायण रचण्यात गुंतले आहेत. हुशार मुलांच्या वेगाने चालणारा वर्ग आणि स्वतःच्या लेखनात बुडालेला शिक्षक, या दोन अडचणी आजही कोणत्याही विद्यार्थ्याला नव्या नाहीत.

आत्रेयी यावर तक्रार करत नाही. गुरू हुशार आणि मंद दोघांना सारखीच विद्या देतो, कोणाची ग्रहणशक्ती वाढवत नाही की हिरावून घेत नाही, तरी फळात फरक पडतो, कारण स्वच्छ रत्नात प्रतिबिंब उमटते, मातीच्या ढेकळात उमटत नाही, अशा अर्थाचे ती बोलते. या विचाराचा संस्कृतात फार गौरव झाला आहे. खरे तर तो शिक्षकाला सोयीचा विचार आहे. सारखे वाटले की आपले काम संपले, असे तो सुचवतो. आणि हे बोलणारी स्वतःला ढेकळांत धरते, हे त्यातले दुःख. तरीही तिच्या पायांनी तिचे बोलणे खोडून काढले आहे. एका गुरूकडे जमले नाही म्हणून ती शिकणे सोडत नाही, अरण्य तुडवत दुसऱ्या गुरूकडे जाते. संस्कृत नाटकात ज्ञानासाठी एकटी प्रवास करणारी ही विद्यार्थिनी जितकी ठळक व्हायला हवी होती तितकी समीक्षेत झालेली नाही. शिवाय तिला मागे टाकणारी मुले पुन्हा राजपुत्रच निघतात. याच अंकात तप केले म्हणून शूद्र शंबूकाला राम मारतो आणि तो दिव्य रूपात समोर येतो. भवभूतीची करुणा मोठी आहे, पण एका अंकात शेजारी ठेवलेल्या या दोन प्रसंगांचा संबंध त्याने जोडलेला नाही. तो वाचणाऱ्याने जोडायचा आहे. चौथ्या अंकात पाहुणे आले म्हणून आश्रमाला सुट्टी मिळते आणि शिष्यांना आनंद होतो. हा छोटा प्रसंग मात्र अगदी शाळेतला आहे.

प्रत्यक्ष उज्जयिनीत घडणारे नाटक म्हणजे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. त्यात शाळा नाही, पण शिकलेले गरीब आणि न शिकलेले सत्ताधारी समोरासमोर उभे आहेत. पाटलिपुत्राहून आलेला संवाहक अंग चेपण्याची विद्या कला म्हणून शिकला आणि पुढे तीच त्याच्या पोटापाण्याचा धंदा झाली. शर्विलक घर फोडण्याची विद्या रीतसर आचार्यांकडून शिकल्याचे सांगतो. राजाचा मेहुणा शकार मात्र रामायण-महाभारताची पात्रे एकमेकांत मिसळून बरळतो आणि त्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही.

याच शहरात सांदीपनींचा आश्रम दाखवला जातो. कृष्ण-बलरामांनी तिथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याची कथा घराघरात माहीत आहे. भागवतातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुरुपत्नीने लाकडे आणायला पाठवलेली मुले वादळात रानात अडकली आणि पहाटे गुरू स्वतः त्यांना शोधत आले. राजपुत्राला आणि दरिद्री ब्राह्मणाच्या मुलाला एकच काम, आणि दोघांसाठी गुरूची धावाधाव सारखीच. सुदामा मात्र शिकूनही दरिद्रीच राहिला. त्याच्या दारिद्र्याला उतारा मिळाला तो विद्येतून नाही, मित्राच्या कृपेतून. मध्य प्रदेश सरकारने 2025 मध्ये आपल्या नव्या सरकारी शाळांना सांदीपनींचे नाव दिले आहे.

खरोखरच्या वंचित शिष्याला वेशांतराशिवाय रंगमंचावर आणण्याचे काम मराठीत जोतीराव फुले यांनी केले. 1855 साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, ते तिथे नाकारले गेले आणि त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. एक कुणबी जोडपे, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, एक पाद्री आणि मध्ये मध्ये सत्य बोलणारा विदूषक अशी त्याची मांडणी आहे. शिकवण्याच्या दोन रीती इथे आमनेसामने आहेत. जोशी ज्ञान लपवून भीती देतो. पाद्री आणि विदूषक प्रश्न विचारायला लावतात. शेवटी नवराबायको फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. ते कोणी लपलेले राजघराण्यातले निघत नाहीत, कुणबीच राहतात, आणि शाळा त्यांच्या कामाच्या वेळेप्रमाणे रात्री भरते. पात्राने शाळेला जुळवून घेण्याऐवजी शाळेने पात्राला जुळवून घेतले.

पुढच्या काळात नाटक कंपनी हीच कित्येक गरीब मुलांची शाळा झाली. तिथला गुरू म्हणजे तालीम मास्तर. ‘मृच्छकटिक’ मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांतले अग्रणी. बेळगावात शाळेत ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते. शब्द कसा टाकायचा, नजर कुठे ठेवायची, हे ते स्वतः करून दाखवत आणि मनासारखे होईपर्यंत करून घेत. बालगंधर्व घडले ते अभिनयात देवलांच्या आणि गाण्यात भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत. घोटून घेण्याच्या या रीतीने मोठे नट दिले, हे खरेच. पण मुलाचा आवाज फुटला, रूप बदलले की कंपनीत त्याची किंमत उतरायची, हेही तितकेच खरे.

शिकवणाऱ्याच्या वागण्याचा फरक सर्वांत स्पष्ट दाखवणारे आधुनिक नाटक म्हणजे बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’. त्यात भाषाशास्त्रज्ञ हिगिन्स फुलवाल्या एलायझाला उच्चार शिकवतो, तर त्याचा मित्र पिकरिंग तिला पहिल्या दिवसापासून सभ्य बाईसारखे संबोधतो. आपले खरे शिक्षण पिकरिंगच्या वागण्याने झाले, असे ती शेवटी सांगते. फुलवाली आणि सभ्य बाई यांतला फरक तिच्या मते वागण्यात नसून तिला मिळणाऱ्या वागणुकीत आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त तिची मंजुळा केली आणि भक्ती बर्वे यांनी तिला आवाज दिला. कौशिकीने सांगितलेल्या दोन शक्तींत इथे तिसरी भर पडते: शिष्याला माणूस म्हणून मोजणे.

छत्तीसगडच्या कलावंतांबरोबर हा धडा प्रत्यक्ष गिरवला गेला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये काही काळ शिकून परतलेल्या हबीब तन्वीर यांनी 1958 मध्ये ‘मृच्छकटिक’ हे ‘मिट्टी की गाडी’ म्हणून केले आणि त्यात छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातले कलावंत घेतले. पुढची कित्येक वर्षे ते या कलावंतांना आखीव हालचाली आणि ठरावीक जागा शिकवत राहिले, आणि जमेना. लिहिता-वाचता न येणाऱ्या, हजारो लोकांपुढे रात्रभर मोकळेपणी खेळ करणाऱ्या माणसांना रंगमंचाची डावी-उजवी बाजू आणि हिंदीतली ठरलेली वाक्ये पाठ करायला लावणे ही आपलीच चूक होती, असे तन्वीर यांनी नंतर सांगितले. 1970 च्या दशकात त्यांनी कलावंतांना त्यांच्या छत्तीसगढीत, त्यांच्या उत्स्फूर्त पद्धतीने खेळू दिले आणि त्या हालचालींतून प्रयोग बांधला. ठाकुरराम, मदनलाल, लालूराम, गोविंदराम निर्मलकर, फिदाबाई ही माणसे त्यानंतर पूर्ण उमलली. ढेकूळ आणि रत्न यांविषयी आत्रेयी जे बोलली त्याचे हे उत्तर आहे. भाषा आणि रीत बदलताच तेच ढेकूळ चमकले. उज्जयिनीची गणिका वसंतसेना फिदाबाईंनी छत्तीसगढीत उभी केली.

खुद्द उज्जैनमध्ये दोन रंगपरंपरा शेजारी नांदतात. 1958 पासून कार्तिकातल्या देवप्रबोधिनी एकादशीला कालिदास समारोह सुरू होतो. पं. सूर्यनारायण व्यासांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या समारोहात देशभरची मंडळी संस्कृत नाटके करतात. दुसरी परंपरा माचाची. एकोणिसाव्या शतकात इथल्याच मोहल्ल्यांत गुरू गोपालजी, गुरू बालमुकुंद यांच्या आखाड्यांत ती वाढली. उंच उघडा मंच, माळवी बोली, ढोलक आणि रात्रभर चालणारे गाणे. खेळ शिकायचा तो ऐकून आणि उस्तादाच्या मागे म्हणून. निवडचाचणी नाही. ज्याचा गळा चढेल त्याने टेक उचलायची, पुढे भूमिका घ्यायची. कुशल-अकुशल एकाच मंचावर बसतात, आणि चुकलेल्याला सावरायला मागचा समूह असतो. मोठ्या आवाजाची, पल्लेदार गायकाची सत्ता इथेही असते आणि स्त्रिया फार काळ बाहेरच होत्या, हे विसरता येत नाही. 2024 मध्ये उज्जैनचे माच कलावंत ओमप्रकाश शर्मा यांना पद्मश्री मिळाली. संस्कृत नाटके माचाच्या ढंगात आणण्याचे काम त्यांनी केले आहे.

माचाच्या खेळात राजा-राणीच्या आधी मंचावर येतो तो भिश्ती. तो पाणी शिंपडून जागा तयार करतो, मग फर्राश येऊन जाजम अंथरतो. दोघांनाही स्वतःचे गाणे असते.